मीठ उडत नाही

४ जून

भाऊजी,

नमस्कार. तुमचे फोन येऊन गेलेले दिसतात. मी उचलत नाही याचा राग मानू नका. फोनवर माणसं थांबतात. मी काहीतरी वाटल्यासारखं बोलावं म्हणून थांबतात आणि मला काही सुचत नाही. पत्रात कोणी थांबत नाही, म्हणून लिहिते. तुम्हीही लिहा.

आता कामाचं. तुमच्या दादांची टाकी घेऊन जा. हे जाऊन तीन महिने झाले आणि बाहेरच्या खोलीत अख्खी भिंत अडवून ह्यांचा समुद्र अजून घुरघुरतोय. दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. सकाळी दुकानात जायच्या आधी मी माशांना खायला घालते, पाणी खाली गेलेलं दिसलं की भरते. ह्यांनी पिंपात भरून ठेवलेलं पाणी केव्हाच संपलं. आता मीच बनवते, पाकिटावर लिहिलंय तसं मापून. मापात माझा हात चुकत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

ह्यांच्या त्या टाकीवाल्या मंडळींपैकी एक आले होते, ते दर रविवारी कॅमेरा घेऊन यायचे ते. मी त्यांना फोटोवाले म्हणते. टाकीसमोर उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "वहिनी, याला म्हणतात यश. हे रंग बघा." मी बघितले. दोन नारिंगी मासे, एक लाल झिंगा, आणि मधोमध ते हिरवं, बोटं हलवणारं प्रवाळ. हे त्याला 'मालकीण' म्हणायचे आणि मी पहिल्यापासून सवत म्हणते. दिवसभर लोकांचे डोळे तपासते, रंग मला दिसतात. त्यापुढे काही झालं नाही. तुम्हाला नको असेल तर फोटोवाले महिनाअखेरीनंतर कधीही टाकी न्यायला तयार आहेत.

दुकान ठीक चाललंय. दिवसभर विचारते, पहिली काच बरी की दुसरी. परवा मनात आलं, मला कोणी विचारलं तर सांगेन, दोन्ही सारख्याच. मला रडू आलेलं नाही, अजून एकदाही नाही. हे मी कोणाला सांगत नाही. तुम्हाला सांगितलं.

वहिनी


१५ जून

वहिनी,

पाकीट आधी उलटसुलट करून बघितलं. मला याआधीचं पत्र आलं होतं ते शाळेतून नाव कमी केल्याचं, आणि ते दादानं बाबांच्या हाती लागू दिलं नव्हतं.

राग कसला? तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. तुझ्यावर रागवायची पात्रता अजून अंगी आलेली नाही. माझं नेहमीचंच चाललंय. शीतगृहातली यंत्रं बिघडतात, मी ती दुरुस्त करतो, मग ती पुन्हा बिघडतात आणि माझी नोकरी टिकते.

टाकी फोटोवाल्यांना देऊ नकोस. भला माणूस आहे, पण पी हळद नि हो गोरी अशातला. दर आठवड्याला काहीतरी नवीन बाटली ओतणार, नवीन दिवा लावणार. त्यांचं यश फोटो काढून होईपर्यंत टिकतं. दादाला मी फोनवर विचारायचो, काय विशेष? तो म्हणायचा, "आज काहीच झालं नाही." आणि ते अशा तोऱ्यात, की एखाद्याचा मुलगा बोर्डात पहिला आला तरी तो बाप तशा तोऱ्यात सांगणार नाही. खाऱ्या पाण्याचा धंदा असाच आहे बघ. चांगलं काहीच घाईनं होत नाही. घाईनं होतं ते वाईटच. ज्या टाकीत वर्षानुवर्षं काही होत नाही ती जिंकली.

तू करतेस ते बरोबर आहे. खायला घालतेस, पाणी भरतेस, बास. वर्षअखेरीला मला सुट्टी मिळेल, तोवर सांभाळ. माझ्याकडे सगळं मजेत. दादानं तुझ्या सवतीची फांदी तोडून मला दिली होती ती पण मस्त बोटं पसरून बसलीय. आमचा करारच होता तसा, एक त्याच्या घरी, एक माझ्या घरी. एकाकडची गेली तर दुसऱ्यानं तुकडा द्यायचा.

जेवत जा. हे मी दादाच्या वतीनं लिहितोय, माझी हिंमत नाही.

तुझा दीर, अर्ध्या चड्डीतला


२ जुलै

भाऊजी,

तुमची यशाची व्याख्या मला बरी लागू पडते. माझ्याकडेही काही होत नाही. म्हणजे मी जिंकलेली आहे.

टाकीत मात्र होतंय. सवत बोटं बाहेर काढत नाही, मिटून बसलीय. झिंगा दिसेना म्हणून शोधला तर मागच्या दगडाआड मेलेला सापडला. काचेवरच्या गोगलगायी खाली पडून तशाच राहतात. मासे ठीक आहेत.

मी काही बदललेलं नाही. रोज सकाळी पाणी जेवढं खाली गेलं असेल तेवढं मीठ मापून, कालवून, भरते. एकही दिवस चुकवलेला नाही. उलट आता जास्त लवकर खाली जातं, उकाड्यामुळे असेल.

झिंगा कागदात गुंडाळून टाकला. हे असते तर दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं तोंड करून बसले असते. मी हात धुतले आणि दुकानात गेले.

वहिनी


८ जुलै

वहिनी,

वाचल्या वाचल्या फोन कर. उचलायचा नाही, करायचा आहे, त्यामुळे तुझा नियम मोडत नाही.

चूक माझी. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, पाकिटावर लिहिलंय तसं मापून पाणी बनवते. ते वाचून मी वर 'बास' लिहिलं. कसलं पाकीट, हे विचारायची बुद्धी झाली नाही. अगं, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ उडत नाही. ते टाकीतच बसून राहतं, आणि तू रोज त्यात नवीन मीठ घालत आलीस. रोज भरायचं ते गोडं पाणी, ओट्याखालच्या फिल्टरचं. मीठ कालवायचं ते फक्त आपण बादलीनं जुनं पाणी काढून टाकतो तेव्हा.

टाकीखालच्या कपाटात एक काळी नळी असेल, एका टोकाला डोळा लावायची. दुसऱ्या टोकाच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब ठेव आणि उजेडाकडे धर. निळं संपून पांढरं सुरू होतं तिथला आकडा वाच. पस्तीस हवा. किती आलाय ते मला सांग, मग कसा खाली आणायचा ते बोलू.

मनाला लावून घेऊ नकोस. ही चूक सगळेच करतात. आधी दादानं केली होती, आणि मी तर त्याचं बघूनच केली.

फोन कर.


१६ जुलै

भाऊजी,

फोन केला नाही. नळीत डोळा लावून आकडा वाचणं हे माझं रोजचं काम, त्याला तुमची गरज पडली नाही. त्रेचाळीस होता. आता पस्तीस आहे.

रविवारी दुपारी बसले. बादल्यांनी खारं काढलं, फिल्टरचं गोडं घातलं, पंपानं ढवळू दिलं, नळीत बघितलं, पुन्हा काढलं. संध्याकाळपर्यंत अगदी रेघेवर आणून ठेवलं. चुकीच्या नंबरचा चष्मा घातलेलं गिऱ्हाईक आलं तर आम्ही त्याची काच थोडी थोडी बदलत नाही. बरोबर नंबर कळला की त्याच दिवशी लावतो. मी तसंच केलं.

सोमवारी सवत पांढरी झाली होती. पूर्ण पांढरी, इतकी की बोटांतून आतला सांगाडा दिसतो. फोटोवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, एका दिवसात एवढं पाणी बदलतं का कोणी, ही गेली, काढून टाका, नाहीतर कुजून मासेही मरतील. टाकी न्यायचं काय, असं विचारलं तर म्हणाले, बघू. पांढरी टाकी कोण नेणार? मी त्यांना दोष देत नाही.

तुमच्याकडे तिची फांदी आहे, म्हणजे वंश बुडाला नाही. त्याची मला काळजी होती, ती मिटली. खुर्ची ओढून मी समोर बसले आणि वाईट वाटतंय का ते बघितलं. ह्यांनी इतकी वर्षं वाढवलेली आणि मी ती एका दुपारात मारली. वाटायला हवं होतं. पंपाचा आवाज येत होता तेवढाच.

पुढच्या रविवारी काढून टाकेन.

वहिनी


२१ जुलै

वहिनी,

काढू नकोस. हात लावू नकोस. तू फोन उचलत नाहीस आणि टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र आमच्या थंड गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्याला पाणी वगैरे विचार.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. प्रवाळाचा रंग त्याचा स्वतःचा नसतोच. त्याच्या अंगात बारीक बारीक जीव राहतात, भाडेकरूच म्हण. उजेड खाऊन ते जगतात आणि भाडं म्हणून मालकिणीला रांधून घालतात. रंग त्यांचा. जबर धक्का बसला की ती भाडेकरूंना घराबाहेर काढते. मग उरते ती पांढरी, उपाशी, पण जिवंत. मेली असती तर कुजकट वास सुटला असता आणि अंग गळून पडलं असतं. वास आहे का सांग.

नसेल तर एवढंच कर. दिवे निम्मे कर, बटण डाव्या बाजूला आहे. पाणी पस्तीसवर ठेव. संध्याकाळी दिवे मावळायला लागले की कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा चिमट्यानं तिच्या बोटांवर ठेव. घेतला तर घेतला. नाही घेतला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेव. सारखं समोर जाऊन, बरं वाटतंय का, बरं वाटतंय का, असं करायचं नाही. रंगबिंग कधी येईल ते तिचं तिला ठरवू दे. सध्या नुसतं जिवंत राहणं एवढं एकच काम तिच्याकडे आहे आणि ते काही लहान नाही.

आकडा एका दिवसात उतरवायचा नसतो, हळूहळू आणायचा, हे मी आधीच लिहायला हवं होतं. फोनवर सांगू म्हणून ठेवून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, एरवी करतो, नेमकं तेव्हाच केलं नाही.


२९ जुलै

भाऊजी,

ड्रायव्हर येऊन गेले. पाणी प्याले, टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, तुमची पांढरी फुलं छान आहेत. मी हो म्हणाले.

वास येत नाही. दिवे निम्मे केलेत. तुकडा रोज ठेवते, ती घेत नाही, मासे पळवतात. ते दोघं लठ्ठ झालेत.

तुम्ही प्रवाळाचं लिहिलंय की माझं, ते मला कळतं. इतकी वर्षं याच धंद्यात आहे, मला दिसत नाही असं समजू नका. माझं सांगू नका. प्रवाळाचं सांगा.

आणि एक. तुमच्याकडच्या फांदीचं मी लिहिलं होतं, त्यावर एवढ्या मोठ्या पत्रात चकार शब्द नाही. तिचा फोटो पाठवा. निरोगी कशी दिसते ते शेजारी धरून बघायचंय.

वहिनी


२४ ऑगस्ट

भाऊजी,

फोटो नाही, पत्र नाही. आजारी आहात का?

काल तिनं घेतला. मासे मध्ये येतात म्हणून आधी त्यांना दुसऱ्या टोकाला खायला घातलं आणि मग चिमट्यानं तुकडा ठेवला. बराच वेळ काही नाही. मी चिमटा मागे घेणार एवढ्यात दोन बोटं वळली. मग शेजारची वळली. तुकडा हळूहळू आत ओढला आणि तोंड मिटलं. मी हात पाण्यात तसाच धरून उभी होते, बाही कोपरापर्यंत भिजली.

आनंद झाला असं लिहिणार नाही. पण आज दुकानातून जरा लवकर निघाले. शेवटच्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं. तसं मी करत नाही.

फोटो पाठवा.

वहिनी


२ सप्टेंबर

वहिनी,

फोटो कसला पाठवू. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, ते माझ्याकडे येऊन बघावं. टाकीत कोरडे पाषाणच आहेत.

दादाचं कळलं तेव्हा मी होतो तसा घराला कुलूप लावून निघालो. तुझ्याकडे राहिलो. मागे इकडे फ्यूज उडाला आणि पंप बंद पडले. परत येऊन दार उघडलं तेव्हा दिवा लावायच्या आधीच वासावरून कळलं. दुसऱ्यांच्या शीतगृहात एक यंत्र बंद पडलं तर दुसरं चालू व्हावं अशी सोय मी करून देतो आणि माझ्या घरात साधी घंटासुद्धा वाजत नव्हती. सगळं परसात नेऊन पुरलं. फांदीही.

तुला तेव्हा काय सांगणार? दादा गेला त्याच आठवड्यात त्याची फांदी गेली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मग तू पत्र लिहिलंस आणि मी लिहून गेलो, मस्त बोटं पसरून बसलीय. खरं सांगतो, ते वाक्य लिहिताना तेवढा वेळ ती होती. खोडवेना. पुढे तर सवयच लागली. रिकाम्या टाकीसमोर बसून तुला शहाणपण शिकवायचं.

तुझ्या खोलीत आहे तेवढीच आता ती उरलीय. 'वंश बुडाला नाही' असं तू लिहिलंस तेव्हाच मी सांगायला हवं होतं. ते पत्र घेऊन मी शीतगृहात दार लावून बसलो. तिथे सगळ्यांचंच नाक वाहतं, त्यामुळे कोणी काही विचारत नाही.

याचं ओझं घेऊ नकोस. गेली तर गेली. असं लिहितोय, पण तसं मला वाटत नाही. ती जगायला हवी, वहिनी. दादाच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे नाही.


१९ नोव्हेंबर

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. राग आला होता, आणि आपल्याला आलाय तो राग आहे हे कळायलाच काही दिवस गेले. मार्चपासूनची ती पहिलीच गोष्ट, म्हणून तो मी घाईनं संपवला नाही. तुम्ही खोटं लिहिलंत त्याचा नव्हता. तुम्ही माझ्या घरी माझ्यासाठी चहा करत होतात आणि तिकडे तुमचं सगळं मरत होतं, आणि मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, तुमच्या टाकीकडे कोण बघतंय. त्याचा होता. आता तो गेलाय.

सवत हिरवी होतेय. आधी टोकांना, मग आत. अजून पूर्वीसारखी नाही, धुवून विटलेल्या कापडासारखी दिसते. पण खाते, आणि एका फांदीला दुसरं तोंड फुटलंय. पाणी पस्तीसवर आहे. फोटोवाले येऊन बघून गेले. टाकी न्यायला तयार आहेत म्हणाले. मी म्हटलं, बघू.

हे तुम्हाला सांगायचे तसं, आज काही झालं नाही, असं मला यावेळी लिहिता येणार नाही. गेल्या रविवारी मी कपाटातला ह्यांचा कटर काढला. कशी तोडायची ते ह्यांना करताना हजारदा बघितलं होतं, दारात उभं राहून, जेवण निवतंय म्हणून बोंब मारत. कडेची एक फांदी धरली आणि खालच्या दगडी भागावर दाब दिला. खडीसाखर फोडल्यासारखा आवाज झाला. ती मिटली, हाताला बुळबुळीत चिकटा लागला, बाकी काही नाही. तोडलेली फांदी एका लहान दगडावर चिकटवून टाकीतच कोपऱ्यात ठेवली.

मग पदराला हात पुसून पान वाढून घेतलं. घास तोंडाशी नेला आणि वास आला. तोच. रविवारचा. ह्यांच्या हाताला यायचा तो. दर रविवारी हे त्या हातांनी जेवायला येऊन बसायचे आणि मी म्हणायचे, "आधी हात धुवून या, ताटाला त्या हातानं शिवायचं नाही." मी ते म्हटलं, भाऊजी. मोठ्यानं, रिकाम्या स्वयंपाकघरात, स्वतःलाच. समोर खुर्ची होती. कोणी उठलं नाही.

बेसिनपाशी गेले, नळ सोडला, आणि हात पाण्याखाली नेता येईना. धुतला तर वास जाणार. तशीच उभी राहिले आणि रडले. बराच वेळ रडले. लोक म्हणतात रडल्यावर मोकळं वाटतं, तसं काही झालं नाही. दुखलं. दारात बोट चेमटलं की आधी काही कळत नाही आणि मग कळतं, तसं. अजून दुखतंय. दुकानात जाते, काच दाखवते, पहिली बरी की दुसरी विचारते, आणि मध्येच दुखतं. लोक चांगले आहेत, दुसऱ्या काचेकडे बघत राहतात.

फांदीची जखम भरतेय. पूर्ण भरली की मी स्वतः घेऊन येईन, बर्फाच्या पेटीत पाणी भरून. कुरिअर नको, ड्रायव्हर नको. तोवर तुम्ही टाकी धुवा, दगड धुवा, पाणी भरा आणि ते मुरू द्या. चांगलं काहीच घाईनं होत नाही, हे तुमचंच. फ्यूज बदला, आणि घंटा बसवा.

फोन करा. उचलेन. मध्येच थांबलात तरी चालेल.

आणि पाणी खाली गेलं की गोडं घाला. मीठ उडत नाही.

वहिनी